हातात मावणारा व्हीएनए, सहा महिने वापरून: ग्लिसरीन-ग्लायकॉलला झकास, नुसत्या पाण्याला नको

आधीच सांगते, हा रिव्ह्यू अँटेनावाल्यांसाठी नाहीये. ह्या छोट्या व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझरचे, म्हणजे व्हीएनएचे (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पाठवून परत किती आणि कसा येतो ते मोजणारं यंत्र), अँटेना ट्यूनिंगचे आणि हॅम रेडिओचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते बघा. मी नांदेड जिल्ह्यातल्या एका सिनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि हे यंत्र मी घेतलं ते द्रवातले रेणू किती वेगाने वळतात हे एमएस्सीच्या पोरांना स्वतःच्या हाताने मोजता यावं म्हणून. ह्या वापराबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मॉडेल ५० किलोहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झच्या थोडं वरपर्यंत जाणारं आहे, टचस्क्रीन, आत बॅटरी, मोबाईलपेक्षा थोडं जाड. किंमत दहा-बारा हजारांच्या आसपास. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण ह्याच डिझाइनच्या वळणाची यंत्रं चार-पाच नावांनी मिळतात, आणि मला आलेल्या पहिल्या पीसमध्ये एका पोर्टचा एसएमए कनेक्टर, म्हणजे केबल जोडायचं छोटं पेचाचं टोक, हलत होता, सोल्डर नीट बसलं नव्हतं. विक्रेत्याने बदलून दिलं पण तीन आठवडे घालवले. तेव्हा पार्सल आलं की त्याच दिवशी दोन्ही पोर्ट बोटाने हळूच हलवून बघा, आणि सोबत आलेलं ओपन-शॉर्ट-लोड (ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं असे तीन छोटे तुकडे) लावून कॅलिब्रेशन करून केबल थोडी हलवून बघा, रेघ नाचली की लगेच परत पाठवा.

आता हे रेणू वळण्याचं मोजमाप काय असतं ते थोडक्यात. पाणी, अल्कोहोल, ग्लिसरीन ह्यांच्या रेणूंना एक बाजू थोडी प्लस आणि एक थोडी मायनस असते. बाहेरून विजेचं क्षेत्र लावलं की रेणू त्या बाजूला वळायला बघतो. क्षेत्र हळू पालटत असेल तर तो आरामात मागोमाग वळतो, फार भरभर पालटत असेल तर जागेवरच राहतो, आणि मध्ये एक अशी फ्रिक्वेन्सी असते जिथे तो वळतो पण मागे पडत पडत, धापा टाकत, आणि तिथे सगळ्यात जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते. ग्राफवर तिथे उंचवटा येतो, आम्ही त्याला लॉस पीक म्हणतो. पीक उजवीकडे म्हणजे रेणू चपळ, डावीकडे म्हणजे संथ. पीटर डिबायने शंभर वर्षांपूर्वी हे मांडलं आणि आजही सुरुवात तिथूनच करावी लागते.

माझी पीएचडी ह्याच विषयातली, पण टीडीआरवर, म्हणजे टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीवर. चाळीसेक पिकोसेकंदात चढणारा पल्स केबलमधून द्रवात सोडायचा आणि परत आलेल्या पल्सचा आकार बघायचा. मराठवाड्यातल्या कित्येकांना माहीत नसतं की आपल्या औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मेहरोत्रा सरांच्या ग्रुपने १९९० च्या आसपास ह्याच पद्धतीने अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणांवर काम केलंय आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातही ते चालू राहिलं. म्हणजे हा विषय आपल्या घरचा आहे. पण ती मशीन लाखांत जाते, विद्यापीठात एकच असते, नंबर लावावा लागतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या पोराने काय करायचं? तो "हायड्रोजन बाँड" (एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूशी सैल जोड) हा शब्द अकरावीपासून ऐकतो, परीक्षेत लिहितो आणि एकदाही त्याचा परिणाम डोळ्याने न बघता डिग्री घेऊन जातो. मला ह्याची खरंच फार खंत होती.

तर सेटअप. वेगळा महागडा प्रोब घ्यायची गरज नाही. चौकोनी फ्लँज असलेला साधा एसएमए कनेक्टर घ्या, मागची पिन आणि बाहेर आलेलं टेफ्लॉन कापून फ्लँजच्या पातळीत आणा आणि काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठ आकड्यासारखं फिरवत घासा, पार सपाट आणि चकचकीत होईपर्यंत. झाला प्रोब. त्याचं तोंड द्रवात बुडवायचं, तोंडापाशी जे क्षेत्र थोडंसं बाहेर सांडतं ते फक्त दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचं द्रव बघतं, त्यामुळे छोट्या बीकरमध्ये पंधरा मिली सॅम्पल पुरतं. घाई करू नका, पहिले दोन कनेक्टर आमचे तिरपे घासले गेले. आणि एक कायम लक्षात ठेवा, प्रोब हलवायचा नाही. प्रोब स्टँडला पक्का आवळायचा, केबल टेपने टेबलाला चिकटवायची आणि बीकर लॅब जॅकवर ठेवून खालून वर आणायचा. केबल जरा वाकली की फेज बदलते आणि सगळं कॅलिब्रेशन वाया. दुसरा शत्रू म्हणजे बुडबुडा. प्रोबच्या तोंडाला राईएवढा बुडबुडा अडकला तरी पर्मिटिव्हिटी, म्हणजे द्रव विजेच्या क्षेत्राला किती प्रतिसाद देतं त्याचा आकडा, धाडकन खाली येते, तेव्हा बीकर थोडा तिरपा करून वर आणा आणि मोबाईलच्या टॉर्चने खालून बघा.

कॅलिब्रेशनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळं इथेच घडतं किंवा बिघडतं. यंत्रासोबत येणारं किट फक्त पोर्टपर्यंतचं कॅलिब्रेशन करतं, प्रोबच्या तोंडापर्यंतचं आपल्याला करावं लागतं. पुस्तकात हवा, शॉर्ट आणि पाणी असं असतं, पण सपाट तोंडावर चांगला शॉर्ट देणं अवघड, ॲल्युमिनियम फॉइल दाबली तरी दर वेळी आकडा वेगळा यायचा. म्हणून आम्ही शॉर्ट सोडूनच दिला आणि हवा, पाणी आणि मिथेनॉल ह्या तीन ओळखीच्या गोष्टी घेतल्या. तीन ओळखीच्या गोष्टींवरून तीन अज्ञात स्थिरांक निघतात आणि मग चौथ्या अनोळखी द्रवाची पर्मिटिव्हिटी काढता येते, टीडीआरमध्येही कोल आणि सहकाऱ्यांची हीच बायलिनियर पद्धत आम्ही वापरायचो, त्यामुळे मला जुनं कोणी भेटल्यासारखं वाटलं. मिथेनॉल विषारी आहे, ग्लोव्हज घाला, खिडक्या उघड्या ठेवा, बाटली कपाटात कुलपात ठेवा.

पहिली परीक्षा इथेनॉलची घेतली. २५ डिग्रीला त्याची स्थिर (म्हणजे क्षेत्र अगदी हळू पालटताना असते ती) पर्मिटिव्हिटी २४ च्या थोडी वर आणि पीक १ गिगाहर्ट्झच्या जवळ असायला पाहिजे. आमचं पीक जागच्या जागी आलं, आकडा दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे. ह्या किमतीत मला एवढ्याची अपेक्षा नव्हती. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला ग्राफ दाखवला, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही पण बिचाऱ्याने पूर्ण ऐकून घेतलं.

मग आली ग्लिसरीन, आणि इथे यंत्राला मी उगाच नावं ठेवली होती. मेडिकलमधून आयपी ग्रेडची, म्हणजे औषधी दर्जाची, बाटली आणली, सकाळी मोजलं तर पीक १०० मेगाहर्ट्झच्या आसपास, बरोबर. जेवण करून आलो, परत मोजलं तर पीक जवळपास दुप्पट उजवीकडे. मला वाटलं गेलं, यंत्र तापून सरकलं, हे स्वस्त सर्किट असंच असणार. परत कॅलिब्रेशन केलं, परत तेच. मग आमच्या लॅबचे मामा म्हणाले, "मॅडम, बाटली तर खिडकीत उन्हात होती." थर्मामीटर घातला तर ग्लिसरीन ३५ डिग्रीच्या वर गेलेलं. एप्रिल महिना, मराठवाडा, काय वेगळं होणार. ग्लिसरीनचा घट्टपणा २५ वरून ३५ डिग्रीला गेलं की निम्म्याहून कमी होतो आणि रेणूचं वळणं त्याच्यासोबत चालतं. म्हणजे यंत्र अगदी खरं सांगत होतं, मीच टेंपरेचर लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून वॉटर बाथशिवाय एकही रीडिंग नाही. ज्यांच्याकडे बाथ नसेल त्यांनी निदान मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात बीकर ठेवा, आणि दर रीडिंगला तापमान लिहा म्हणजे लिहाच. ग्लिसरीन हवेतलं पाणीही शोषतं, बाटलीचं झाकण पावसाळ्यात अर्धा दिवस उघडं राहिलं तर तीच बाटली वेगळं पीक देते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो भाग.

एका पोरीला प्रोजेक्टला मी चार बाटल्या दिल्या, मिथेनॉल, वन-प्रोपॅनॉल, एथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, आणि सांगितलं की आधी हातात घेऊन हलवून बघ आणि कोणाचं पीक कुठे येईल ते वहीत लिही. तिने जे घट्ट ते संथ असा सरळ हिशोब लावला, मिथेनॉल सगळ्यात उजवीकडे, मग प्रोपॅनॉल, मग ग्लायकॉल, शेवटी ग्लिसरीन. कोणीही हेच लिहिलं असतं. मोजल्यावर मिथेनॉल ३ गिगाहर्ट्झला, ग्लिसरीन १०० मेगाहर्ट्झला, दोन्ही टोकं बरोबर. पण मधले दोघे उलटे! एथिलीन ग्लायकॉल दीड गिगाहर्ट्झच्या जरा अलीकडे आणि प्रोपॅनॉल अर्ध्या गिगाहर्ट्झच्याही खाली. ग्लायकॉल हे प्रोपॅनॉलपेक्षा आठपट घट्ट आहे हो, बाटली हलवली की दिसतं, तरी त्याचं पीक तिपटीने चपळ. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅम, लेबलं बदलली असतील." आम्ही नवीन बाटल्या फोडून परत मोजलं, तेच आलं.

कारण फार सुंदर आहे. प्रोपॅनॉलला एकच ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, त्यामुळे त्याचे रेणू हायड्रोजन बाँडने एकमेकांच्या मागे हात धरून साखळी करतात आणि साखळीतल्या सगळ्यांचे प्लस-मायनस साधारण एकाच दिशेला लागतात. आपल्याला जे पीक दिसतं ते एकट्या रेणूचं नसतंच, ती अख्खी साखळी मोडत-जुळत दिशा बदलते त्याचं असतं, एकटा रेणू त्याच्या आत ह्याहून बराच भरभर हलत असतो. ग्लायकॉलला दोन टोकांना दोन ओएच, तो साखळीऐवजी चहूबाजूंनी जाळं विणतो, तिथे अशी एका दिशेची लांब रांग टिकत नाही. म्हणजे साखळीचं पीक आणि रेणूचं पीक ह्यांची तुलना आपण करत होतो. एका ओएचच्या अल्कोहोलचं हे वेगळेपण अजूनही संशोधनाचा जिवंत विषय आहे. आणि १९५१ साली डेव्हिडसन आणि कोल ह्या दोघांनी नेमके ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि हेच वन-प्रोपॅनॉल घेऊन पेपर लिहिला होता, प्रोपॅनॉलचं पीक डिबायच्या साध्या सूत्रात बसतं आणि ग्लिसरीनचं उजव्या बाजूला लांब शेपूट घेऊन येतं. आमच्या ग्राफवर ती शेपूट दिसते! सत्तरेक वर्षांपूर्वीची गोष्ट तालुक्याच्या कॉलेजातल्या टेबलावर, बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

ग्लिसरीनवरून एक सांगायचं राहून जाईल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. मध्ये औषधाच्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल असल्यामुळे चौदा पेशंट गेले, चौकशीला लेंटिन आयोग नेमला होता. पोरांना हे माहीत नव्हतं, मी सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. डायएथिलीन ग्लायकॉल ग्लिसरीनपेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे ते मिसळलं तर पीक उजवीकडे सरकेलच, पण पाणी मिसळलं तरी सरकतं, तेव्हा हे काही औषध तपासायचं यंत्र नाही, असं कोणी समजू नका. एथिलीन ग्लायकॉलही विषच आहे, चवीला गोडसर असतं म्हणून जास्तच जपा.

मिश्रणांमध्ये हे यंत्र सगळ्यात जास्त शिकवतं. ग्लिसरीनमध्ये थोडं थोडं पाणी घालत गेलो. पोरांचा अंदाज, दोन पीक दिसतील, एक ग्लिसरीनचं एक पाण्याचं. दिसतं एकच, जरा पसरट, आणि पाणी वाढवत गेलं की ते एकटंच उजवीकडे सरकत जातं. का, तर एखाद्या रेणूला वळायचं असेल तर हातातला हायड्रोजन बाँड सोडावा लागतो आणि नुसता सोडून चालत नाही, दुसरा हात समोर यावा लागतो. लागे आणि हाइन्स ह्यांनी २००६ मध्ये कॉम्प्युटरवर पाण्याबद्दल हेच दाखवलं, पाण्याचा ओएच हळूहळू फिरत नाही, नवा जोडीदार जवळ आला की एकदम उडी मारून त्याच्याकडे वळतो. फुगडीत एक हात सोडून दुसरीचा धरावा तसं. मग पाण्याचा रेणू ग्लिसरीनच्या हातावर अवलंबून आणि ग्लिसरीनचा पाण्याच्या, दोघांचं वळणं एकमेकांत गुंतलेलं, म्हणून एकच पीक.

आणि मग आम्ही पॉलिमर, म्हणजे लांबलचक साखळीसारखा रेणू, घातला. पीव्हीपी, म्हणजे पॉलीव्हिनाइल पायरोलिडोन. नाव अवघड वाटलं तरी वस्तू घरातली आहे, जखमेवर लावायच्या तपकिरी पोव्हिडोन-आयोडीनमधलं पोव्हिडोन ते हेच, आणि गोळ्या बांधायलाही वापरतात. दोन ग्रेड घेतल्या, के-३० आणि के-९०, के-९० ची साखळी बरीच लांब. पीव्हीपीची गंमत अशी की त्याच्याकडे हायड्रोजन बाँड घ्यायला ऑक्सिजन आहे पण द्यायला हायड्रोजन नाही, म्हणजे तो हात धरू देतो, स्वतःहून धरत नाही. पावडर दमट हवेत गोळे होते, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

के-९० दहा टक्के एथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवायला आम्हाला दोन दिवस लागले, गरम पाण्यात बाटली ठेवून अधूनमधून हलवत. झालं तेव्हा इतकं घट्ट की बाटली उलटी केली तर सावकाश, काकवीसारखं खाली येत होतं. मामा म्हणाले, "हे आता कुठं हलणार मॅडम." पोरांनीही लिहिलं की पीक शंभरपट तरी डावीकडे जाईल. मोजलं. ग्लायकॉलचं पीक थोडंसं डावीकडे गेलं, थोडं बुटकं झालं, थोडं पसरलं. बस. बाटलीतलं द्रव शेकडो पटींनी घट्ट झालं आणि त्याच्या आतला ग्लायकॉलचा रेणू जवळपास पहिल्याच वेगाने वळतोय.

मला हे पीएचडीच्या दिवसांपासून माहीत होतं, तरी पोरांचे चेहरे बघताना मला ते नव्याने कळलं. आषाढीला गावातल्या बाजारपेठेतून दिंडी जाताना बघा, दिंडी इंच इंच सरकते, कारण सगळे एकमेकांत अडकलेले, पण त्या दिंडीतल्या माणसांच्या मधून लहान पोरं सुळकन इकडून तिकडे जातात. द्रवाचा घट्टपणा म्हणजे दिंडीचा वेग, लांब साखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळे आलेला. ग्लायकॉलचे रेणू म्हणजे ती पोरं. ज्यांनी आईचा हात धरलाय, म्हणजे जे साखळीला चिकटलेत, तेवढे थोडे संथ होतात, त्यामुळे पीक थोडं सरकतं आणि पसरतं. पाण्यातही हेच होतं, वीस टक्के पीव्हीपीचं पाणी मधासारखं दिसतं पण पाण्याचा रेणू वळायला लागणारा वेळ दुपटीपर्यंतही जात नाही.

आणि साखळी? साखळीचे तुकडे स्वतंत्रपणे, बरेच हळू वळतात, त्यांचं दुसरं पीक खाली डावीकडे येतं. म्हणजे ग्लिसरीन-पाणी दोघं मिळून एक पीक आणि पीव्हीपी-पाणी मात्र दोन, कारण साखळीचा तुकडा आपल्या दोन्ही बाजूच्या तुकड्यांना पक्क्या बाँडने जोडलेला, त्याला उडी मारून जाता येत नाही. हा फरक जपानच्या टोकाई विद्यापीठातल्या शिन्याशिकी आणि यागिहारा ह्यांच्या ग्रुपने पीव्हीपी वेगवेगळ्या अल्कोहोल आणि ग्लायकॉलमध्ये घालून वर्षानुवर्षं तपासलाय, त्यांचे पेपर वाचा, ग्राफ इतके स्वच्छ असतात की नुसते बघत बसावेत.

पण हे दुसरं पीक ह्या यंत्रावर नीट दिसत नाही, आणि ही ह्याची सगळ्यात मोठी कमतरता. दोन कारणं. एक, आपला छोटा प्रोब म्हणजे अगदी किरकोळ कपॅसिटर, ५०-६० मेगाहर्ट्झच्या खाली त्याच्याकडून येणारा सिग्नल इतका कमी की यंत्राला हवा आणि द्रव ह्यातला फरक धड कळत नाही, रेघेला केस फुटतात. दोन, पावडरमध्ये थोडे आयन असतातच, त्यांच्यामुळे द्रवातून थोडा करंट वाहतो आणि फ्रिक्वेन्सी कमी होईल तसा त्याचा डोंगर वर चढत जातो, साखळीचं पीक त्या डोंगराखाली गाडलं जातं. डायलिसिस करून आयन काढता येतात, आम्ही एकदा सेलोफेन ट्यूबमध्ये के-९० चं द्रावण भरून तीन दिवस डिस्टिल्ड वॉटर बदलत बसलो, डोंगर बराच खाली आला आणि खांद्यासारखं काहीतरी दिसलं, पण ते पीक आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. साखळीची हालचाल बघायचीच असेल तर दोन मोठ्या प्लेटांमध्ये सॅम्पल धरून कमी फ्रिक्वेन्सीचं वेगळं यंत्र लागतं आणि थंड करायची सोय लागते.

दुसरी कमतरता पाण्याची. २५ डिग्रीला पाण्याचं पीक १९ गिगाहर्ट्झला असतं, आपलं यंत्र ६ ला थांबतं. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो म्हणून कित्येकांना पाण्याचं पीक तिथेच आहे असं वाटतं, पोरांनाही वाटत होतं, तो गैरसमज मात्र इथे छान जातो, कारण २.४५ वर पीक नसतं, नुसता चढ असतो. बर्फाच्या पाण्यात बीकर ठेवून शून्याजवळ नेलं तरी पीक ९ गिगाहर्ट्झपर्यंतच खाली येतं. तेव्हा ज्यांचा प्रोजेक्ट निव्वळ पाण्याचा, प्रथिनांच्या पाण्यातल्या द्रावणाचा वगैरे आहे त्यांनी हे घेऊ नका, विद्यापीठातल्या टीडीआरचा नंबर लावा. शिवाय ४ गिगाहर्ट्झच्या वर माझ्या पीसची रेघ थरथरते, सोळा वेळा ॲव्हरेज केलं तर बरी होते, मिथेनॉलला ते करावंच लागतं.

किरकोळ गोष्टी. स्क्रीन छोटी, बोटाने भलतंच बटण लागतं, मोबाईलचा स्टायलस घ्या. बॅटरी आमची दीड-दोन तास जाते, पण चार्जिंग चालू असताना रीडिंग घेऊ नका, आमच्याकडे साध्या चार्जरने कमी फ्रिक्वेन्सीला काटे आले, लॅपटॉपला जोडलं तर कमी. लॅपटॉपवर नॅनोव्हीएनए सेव्हर हे फुकट सॉफ्टवेअर चालतं, त्यातून फाइल सेव्ह करायची आणि पुढचा हिशोब पायथनमध्ये. ज्यांना पायथन येत नाही त्यांनी एक्सेलमध्येही करता येतो, कॉम्प्लेक्स आकड्यांची फंक्शन्स असतात, आमच्या एका पोराने तसाच केला आणि उत्तर सारखंच आलं. एसएमएचे नट हाताने आवळा, पान्याने जोर लावू नका.

पाचपैकी चार देईन. एक तारा कमी केला तो कनेक्टरच्या कामासाठी आणि ४ च्या वरच्या थरथरीसाठी, फ्रिक्वेन्सीची मर्यादा तर खोक्यावर लिहिलेलीच आहे, तिच्यासाठी मार्क कापणं बरोबर नाही. ज्या कॉलेजात एमएस्सी आहे आणि एक वॉटर बाथ आहे त्यांनी नक्की घ्या, सोबत प्रोबसाठी पाच-सहा जास्तीचे फ्लँजवाले कनेक्टर आणि एक चांगली केबल मागवा, खोक्यातल्या केबल कडक असतात आणि प्रोबवर ताण देतात. आमच्याकडे आता के-३० आणि के-९० एकाच टक्केवारीत, एकाच ग्लायकॉलमध्ये शेजारी शेजारी ठेवून मोजणं चालू आहे. एक पातळ, दुसरं काकवीसारखं, आणि आत्तापर्यंतच्या तीन रीडिंगमध्ये दोघांतल्या ग्लायकॉलची पीकं एकमेकांवर बसतायत. चौथं रीडिंग सोमवारी आहे, बाथ ३० डिग्रीला लावून.